‘दुराक’ म्हणजे नेमके काय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन शिकणारे विद्यार्थी, वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेल्या मुलांचे पालक, गोव्यात मोरजी-आश्वे भागात रशियन पाहुण्यांशी रोज बोलणारे व्यावसायिक आणि रशियन लोककथांचे मराठी अनुवाद वाचून वाढलेले वाचक या सगळ्यांकडून एकाच शब्दाविषयी पुन्हा पुन्हा विचारणा होते. तो शब्द म्हणजे ‘दुराक’. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रशियन शब्द देवनागरीत लिहिले असल्यामुळे उच्चार जवळपासचे समजावेत.

१. ‘दुराक’ म्हणजे काय? ती शिवी आहे का?

‘दुराक’ म्हणजे मूर्ख माणूस, आणि तोही पुरुष. शब्द अपमानकारक आहे, पण अश्लील नाही. रशियन भाषेत अर्वाच्य शब्दांचा एक वेगळाच वर्ग असून त्याला ‘मात’ म्हणतात. जुलै २०१४ पासून चित्रपट, नाटक आणि जाहीर कार्यक्रमांत अशा शब्दांवर कायद्याने बंदी आहे. ‘दुराक’ त्या वर्गात येत नाही. तो लहान मुलांच्या गोष्टींत छापला जातो, आजी नातवाला म्हणते, शाळेच्या पटांगणात दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. तरीही अनोळखी माणसाच्या तोंडावर फेकला, तर तो लागतो. सौम्य शिवी म्हणजे निरुपद्रवी शब्द नव्हे, एवढे भान ठेवूनच पुढचे वाचावे.

२. उच्चार कसा करावा?

आघात दुसऱ्या अक्षरावर येतो: दु-राऽक. पहिला ‘दु’ ऱ्हस्व आणि हलका, तर ‘रा’ लांबवून, जिभेचे टोक थरथरवत उच्चारायचा. यातला ‘द’ दंत्य आहे, म्हणजे ‘दगड’मधला, ‘डबा’मधला ‘ड’ नव्हे. त्यामुळे मराठी माणसाला हा उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा चांगला जमतो. स्त्रीलिंगी रूप ‘दूरा’ असे असून त्यात आघात पहिल्या अक्षरावर सरकतो. अनेकवचन ‘दुराकी’.

३. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द कोणता?

एकच शब्द सगळीकडे चालत नाही. शब्दकोश ‘मूर्ख’ देतात आणि अर्थ म्हणून ते बरोबरच आहे. पण ‘मूर्ख’ हा तत्सम शब्द मराठी तोंडात काहीसा पुस्तकी, क्वचित जरबेचा वाटतो, तर ‘दुराक’ अगदी घरगुती आहे. रागाच्या भरात निसटलेला ‘दुराक’ मराठीत ‘मूर्खा!’ किंवा ‘गाढवा!’ होतो. चेष्टेतला ‘दुराक’ म्हणजे आपला ‘येडा’. गबाळ्या, गोंधळलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘बावळट’ बसतो. ‘ढ’ मात्र बसत नाही, कारण ‘ढ’ अभ्यासात मागे असतो आणि ‘दुराक’ला अभ्यासाचे काहीच देणेघेणे नाही. प्राध्यापकही दुराक असू शकतो. किंबहुना रशियन माणूस हा शब्द वापरतो तो बहुतेकदा बुद्धी असूनही ती ऐनवेळी न वापरणाऱ्याबद्दल.

४. ‘दूरा’ हे फक्त स्त्रीलिंगी रूप आहे, की वजनही वेगळे आहे?

व्याकरणाने पाहिले तर केवळ स्त्रीलिंगी रूप. व्यवहारात मात्र, माझ्या मते, ‘दूरा’ जास्त टोचतो. पुरुषाला मित्राने ‘दुराक’ म्हटले तर ते हसण्यावारी जाते. बाईला ‘दूरा’ म्हटले की त्यात ‘बाईला काय कळतंय’ असा तुच्छतेचा सूर सहज शिरतो. स्वतःबद्दल बोलताना दोन्ही रूपे सारखीच सहज येतात: किल्ल्या आत ठेवून दार ओढून घेतलेली बाई कपाळावर हात मारून ‘वोत दूरा!’, म्हणजे ‘काय येडी आहे मी!’, असे म्हणते.

पत्त्यांच्या खेळात हा लिंगभेद पुष्कळदा गळून पडतो आणि हरलेली मुलगीसुद्धा सरळ ‘दुराक’ ठरते (प्रश्न ११ पाहा).

५. हा शब्द कोणाला म्हणता येतो? ‘तू’ आणि ‘तुम्ही’ने काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो, आणि मराठी माणसाला तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. रशियनमध्ये ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. ‘ती दुराक’ हे मित्रांत, भावंडांत, नवरा-बायकोत चालून जाते. ‘वी दुराक’ दुर्मीळ आहे आणि म्हणूनच जास्त धारदार आहे: बोलणाऱ्याने आदराचे अंतर राखून, पूर्ण शुद्धीत, विचारपूर्वक अपमान केलेला असतो. आपल्याकडे ‘अरे मूर्खा’पेक्षा ‘आपण मूर्ख आहात’ जास्त झोंबते, तोच हा प्रकार.

शब्दांच्या क्रमानेही सूर बदलतो. ‘ती दुराक’ हे विधान झाले. ‘दुराक ती’ असा क्रम उलटला की त्यात हताश माया येऊ शकते. ‘ती श्तो, दुराक?’ हा प्रश्न म्हणजे आपला ‘तू काय वेडा आहेस का?’, ज्याला कोणी उत्तर देत नाही. एका हिवाळी सकाळी ट्रामच्या थांब्यावर मी पाहिलेला प्रसंग असा: उणे पंधरा तापमानात एक आजोबा टोपी न घालता उभे होते. मागून धापा टाकत त्यांच्या पत्नी आल्या, ‘दुराक ती स्तारी’, म्हणजे ‘येडा म्हातारा’, असे पुटपुटल्या, आणि स्वतःच्या डोक्याचा लोकरी रुमाल सोडून त्यांच्या कानांभोवती बांधू लागल्या. आजोबा मान खाली घालून मुकाट्याने उभे राहिले.

वरिष्ठ, शिक्षक, पोलीस, दुकानदार आणि नवे ओळखीचे लोक यांच्यासाठी मात्र हा शब्द कोणत्याही क्रमाने वापरू नये.

६. ‘दुराचोक’, ‘दुराश्का’, ‘दुर्योखा’ हे वेगळे शब्द आहेत का?

एकाच मुळाला फुटलेले हे फाटे आहेत. रशियन भाषा प्रत्यय लावून शब्दाचे तापमान कमी-जास्त करते. ‘दुराचोक’ हे लघुत्वदर्शक रूप असून लहान मुलाला किंवा प्रियकराला लाडाने म्हणतात; ‘दुराश्का’ त्याहून मऊ आहे; ‘दुर्योखा’ हे बहुधा बाईने मैत्रिणीला किंवा लेकीला म्हणायचे. ‘दूरेन’ थोडा जुन्या वळणाचा, रागावलेला पण विषारी नसलेला शब्द आहे, आणि ‘दुरालेइ’ निव्वळ गमतीचा.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘दुराचोक’ नेहमीच लाडाचा नसतो. गावात एखादा मतिमंद, सगळ्यांच्या दयेवर जगणारा माणूस असतो, त्यालाही ‘दुराचोक’च म्हणतात. प्रौढ माणसाला थंड आवाजात हा शब्द वापरला, तर तो साध्या ‘दुराक’पेक्षा अपमानकारक ठरतो, कारण त्यात कीव मिसळलेली असते.

७. ‘दुराक’चा संस्कृतमधल्या ‘दुर्’शी संबंध आहे ना? दुर्जन, दुराग्रह, दुराचार यांच्यासारखा?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून सर्वाधिक येतो आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. संस्कृत उपसर्ग मुळात ‘दुस्’ असा आहे. ‘दुष्काळ’, ‘दुस्तर’ या शब्दांत त्याचा सकार अजून दिसतो. मृदू व्यंजन किंवा स्वर पुढे आला की संधीच्या नियमाने त्याचा ‘दुर्’ होतो. म्हणजे ‘दुराग्रह’मधला रकार हा शेजाऱ्यामुळे आलेला आहे. ग्रीक भाषेत याच उपसर्गाचे भावंड ‘दिस्’ असे, सकार शाबूत ठेवून आढळते. रशियन शब्दातला रकार मात्र मूळ धातूचाच आहे: ‘दूर’ म्हणजे वेडाची लहर, ‘दुरेत’ म्हणजे डोके फिरणे, ‘दुर्नोय’ म्हणजे वाईट. हे सगळे एका घरचे शब्द, आणि त्यांनाच ‘आक’ हा माणूस दाखवणारा प्रत्यय लागून ‘दुराक’ झाला.

‘दुर्मान’ हा रशियन शब्द आपल्या धोतऱ्याच्या झाडासाठी आहे, हेही पुष्कळजण कळवतात. माहिती बरोबर आहे, पण ‘धत्तूर’ आणि ‘दुर्मान’ यांतल्या ध्वनिसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळावा.

८. पूर्वी ‘दुराक’ हा हुद्दा होता, हे खरे का?

एका अर्थी खरे आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकात राजदरबारात आणि सरदारांच्या वाड्यांत करमणुकीसाठी विदूषक ठेवत आणि त्यांना ‘दुराक’ म्हणत. ‘दुरात्स्की कल्पाक’, म्हणजे विदूषकाची टोपी, हा शब्दप्रयोग त्याच काळाची आठवण आहे. हा प्रकार नेहमी गमतीचा नसे. सम्राज्ञी आन्ना इवानोव्हना हिने मिखाईल गोलीत्सिन या खानदानी प्रिन्सला शिक्षा म्हणून दरबारी विदूषक बनवले आणि १७४० साली, कडाक्याच्या थंडीत, त्याचे लग्न काल्मिक या मंगोल वंशाच्या जमातीतल्या एका सेविकेशी लावून दिले. नेवा नदीकाठी पीटर्सबर्गमध्ये खास या सोहळ्यासाठी बर्फाचे घर उभारले होते, ज्यातला पलंग, उशा सगळे बर्फाचे होते, आणि नवदांपत्याला त्यात रात्र काढायला लावली. दोघेही जगले. ‘कोणाला तरी दुराक करणे’ याचा अर्थ सत्तेच्या हातात गेल्यावर किती बदलतो, हे दाखवायला मी वर्गात हे उदाहरण नेहमी देतो.

९. लोककथांतला इवान ‘दुराक’ असूनही शेवटी जिंकतो कसा?

सोव्हिएत काळात मराठीत आलेली, लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत स्वस्तात मिळणारी चित्रमय पुस्तके ज्यांनी लहानपणी वाचली, त्यांच्याकडून हा प्रश्न येतो. ‘इवान-दुराक’ हा तीन भावांतला धाकटा. थोरले दोघे हिशेबी, कामसू आणि आतल्या गाठीचे. हा भट्टीच्या उबेला लोळत पडलेला. रशियन घरातली भट्टी ही स्वयंपाकाची मोठी, विटांची बांधलेली असते आणि तिच्या माथ्यावर झोपायची जागा असते, म्हणून आळशी माणसाचे चित्र नेहमी तिथेच काढतात. इवान सांगितलेले काम शब्दशः करतो, सौद्यात फसतो, शेवटची भाकर भिकाऱ्याला देतो आणि मुंगीला वाट करून देतो. कथेच्या शेवटी ती मुंगी, तो भिकारी किंवा तो घोडा उपयोगी पडतो आणि राजकन्या त्याला मिळते.

म्हणजे येथे ‘दुराक’ हा बुद्धीवरचा शेरा नसून हिशेबीपणाच्या अभावावरचा शेरा आहे. घरचे त्याला दुराक म्हणतात, कथा म्हणत नाही. एमेल्या हा त्याचा सख्खा भाऊच म्हणावा: बर्फात पाणी आणायला गेलेल्या या आळशाला बोलणारा पाइक मासा सापडतो आणि पुढे भट्टीवर बसल्या बसल्या तो राजवाड्यात पोहोचतो. प्योत्र येर्शोव्ह यांच्या १८३४ च्या पद्यकथेतला इवान आणि त्याचा कुबडा घोडा याच घराण्यातले.

‘दुराकाम व्येज्योत’, म्हणजे ‘येड्यांना नशीब साथ देते’, ही रोजच्या बोलण्यातली म्हण याच कथांच्या सावलीत वाढलेली आहे. परीक्षेत तुक्का लागलेल्या मित्राला ती असूयेने ऐकवतात.

१०. ‘यूरोदिवी’ आणि ‘दुराक’ एकच का?

नाही. ‘यूरोदिवी’ हा ख्रिस्तासाठी जाणूनबुजून वेड पांघरलेला संन्यासी होय. उघडा-वाघडा हिंडणारा, राजालाही तोंडावर खरे सुनावणारा. मराठीत ‘अवलिया’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. मॉस्कोच्या लाल चौकातले रंगीबेरंगी घुमटांचे चर्च सगळ्यांनी चित्रात पाहिलेले असते. त्याचे अधिकृत नाव वेगळे आहे, पण लोक त्याला ज्याच्या नावाने ओळखतात तो वसीली हा असाच एक यूरोदिवी होता आणि त्याची समाधी तिथेच आहे. यूरोदिवीला ‘दुराक’ म्हणणे श्रद्धाळू माणसाला आवडणार नाही.

११. ‘दुराक’ नावाचा पत्त्यांचा खेळ कसा असतो? त्याला हे नाव का?

हा रशियातला सर्वांत घरोघरी पोहोचलेला पत्त्यांचा खेळ असावा. लांब पल्ल्याच्या आगगाडीत, वसतिगृहात, गावाकडच्या घराच्या ओट्यावर तो खेळला जातो. छक्कीपासून एक्क्यापर्यंत ३६ पाने घेतात, प्रत्येकाला सहा वाटतात, आणि पुढचे पान उघडे करून गड्ड्याखाली आडवे ठेवतात. त्या पानाचा रंग तो हुकूम. एक खेळाडू शेजाऱ्यावर पान टाकतो, शेजाऱ्याने त्याच रंगाच्या वरच्या पानाने किंवा हुकमाने ते मारायचे. टेबलावर जी पाने आली असतील त्याच किमतीची आणखी पाने टाकून त्याला कोंडीत पकडता येते. सगळी मारली तर ती पाने बाद होतात. नाही मारता आली तर सगळी उचलून हातात घ्यावी लागतात. मग गड्ड्यातून सहा-सहा पाने पुन्हा पुरी करायची. गड्डा संपल्यावर ज्याचा हात रिकामा होतो तो सुटतो, आणि शेवटी ज्याच्या हातात पाने उरतात तो ‘दुराक’.

गंमत अशी की यात कोणी जिंकत नाही, फक्त एकजण हरतो. गड्डा झब्बू खेळलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल. आणखी एक खोडी आहे: शेवटचा डाव छक्क्यांनी संपवता आला, तर त्या दोन छक्क्या हरलेल्याच्या दोन खांद्यांवर ठेवतात, जणू लष्करी अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याच. वसतिगृहात आमच्या मजल्यावरच्या सफाईकाम करणाऱ्या आजींनी माझ्या खांद्यांवर या पट्ट्या इतक्या गंभीर चेहऱ्याने चढवल्या होत्या की मी उठून सलाम ठोकला. त्या रात्री ‘दुराक’ हा शब्द मी किमान तीस वेळा ऐकला असेन. एकदाही लागला नाही.

‘अस्तात्स्या व दुराकाख’, म्हणजे ‘दुराकांत उरणे’, हा वाक्प्रचार व्यवहारात फसवले गेलेल्या, हात चोळत बसलेल्या माणसाला वापरतात, आणि तो या खेळाशी अगदी नीट जुळतो.

१२. ‘दुराका वाल्यात’ आणि ‘दुराका व्क्ल्युचित’ यांत काय फरक?

पहिल्याचा शब्दशः अर्थ ‘दुराकाला लोळवणे’. तो दोन प्रकारे वापरतात: काम टाळून उनाडक्या करणे, किंवा उगाच विदूषकी चाळे करणे. मुलाच्या शिक्षकांनी ‘न्ये वाल्याइ दुराका’ असे म्हटल्याचे कळवून काही पालकांनी काळजी व्यक्त केली आहे. त्याचा अर्थ एवढाच की ‘टिवल्याबावल्या करू नकोस’. मुलाला कोणी मूर्ख म्हटलेले नाही.

दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘दुराकाचे बटण चालू करणे’, म्हणजे सगळे कळत असून न कळल्याचे सोंग घेणे. याला मराठीत आयता जोडीदार आहे: वेड घेऊन पेडगावला जाणे. अनुवाद करताना डोळे मिटून तोच वापरावा.

१३. ‘न्ये दुराक’ म्हटले तर ती स्तुती असते का?

बहुधा असते, पण तिरकी. ‘ओन न्ये दुराक’ म्हणजे ‘तो काही येडा नाही’, अर्थात चांगला हुशार आहे. यापुढे क्रियापद आले की अर्थ वळतो: ‘ओन वीपित न्ये दुराक’ याचा अर्थ ‘प्यायच्या बाबतीत तो मागे नाही’, म्हणजे त्याला पिणे आवडते. ‘गुबा न्ये दूरा’, शब्दशः ‘ओठ काही येडा नाही’, हे अशा माणसाबद्दल, जो ताटातला नेमका उत्तम तुकडा उचलतो.

याच गटातले आणखी तीन प्रयोग रोज कानावर पडतात. ‘बिज दुराकोव’ म्हणजे थट्टा सोडून, खरेखुरे. ‘दुराकोव न्येत’ म्हणजे इथे कोणी फसणारा नाही. ‘नाश्योल दुराका!’ म्हणजे ‘मी काय तुला येडा वाटलो?’ तिन्हींत अपमान कोणाचाच नाही.

१४. कोणत्या म्हणी माहीत असाव्यात?

खूप आहेत, मी तीनच सांगतो, कारण त्या खरोखर वापरात आहेत.

‘दुराकाम जकोन न्ये पीसान’: दुराकांसाठी कायदा लिहिलेला नसतो. लाल दिवा तोडून जाणाऱ्याकडे पाहून म्हणतात.

‘जस्ताव दुराका बोगू मलीत्सा, ओन इ लोब रश्शिब्योत’: दुराकाला देवाची प्रार्थना करायला लावा, तो कपाळ फोडून घेईल. ऑर्थोडॉक्स पंथात जमिनीला कपाळ टेकवून वंदन करतात, हे माहीत असले की चित्र डोळ्यांसमोर येते. वरून आलेला साधा हुकूम हास्यास्पद टोकाला नेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी याहून चपखल म्हण मला माहीत नाही.

‘दुराकू पोलराबोती न्ये पकाजीवायुत’: दुराकाला अर्धवट काम दाखवू नये. अर्धी शिवलेली बाही पाहून नावे ठेवणाऱ्याला शिंपी हे ऐकवू शकतो.

चौथे वाक्य म्हण नसून इवान क्रिलोव्ह यांच्या बोधकथेतले आहे, पण आता म्हणीसारखेच चालते: मदतीला धावणारा दुराक शत्रूपेक्षा घातक. झोपलेल्या मित्राच्या अंगावरची माशी मारायला अस्वल दगड उचलते आणि माशीसकट मित्रालाही मारते, अशी ती कथा. मराठी वाचकाला येथे पंचतंत्रातला राजा आणि त्याचा सेवक वानर आठवेल, आणि ते योग्यच आहे. क्रिलोव्ह यांनी ही कथा फ्रेंच कवी ला फोंतेन यांच्याकडून घेतली, आणि ला फोंतेन यांच्याकडे ती पंचतंत्राच्या फारसी वारशातून आलेल्या पुस्तकातून पोहोचली. म्हणजे हा विशिष्ट दुराक आपल्याकडूनच गेलेला आहे.

१५. ‘रशियाची दोन दुखणी: दुराकी आणि रस्ते’ हे गोगोल यांचे वाक्य आहे का?

इतके उद्धृत होणारे आणि इतक्या ठामपणे एकोणिसाव्या शतकातले रशियन लेखक निकोलाय गोगोल यांच्या नावावर खपवले जाणारे दुसरे वाक्य सापडणे कठीण, पण त्यांच्या लेखनात ते आढळत नाही. कधी ते करमझिन यांच्या नावावर, कधी साल्तिकोव्ह-श्चेद्रिन यांच्या नावावर टाकतात. वाक्य वापरायला हरकत नाही. खाली गोगोल यांचे नाव घालू नये.

१६. ‘दुराकोव’ हे आडनाव खरेच असते का?

असते, आणि जुन्या कागदपत्रांत ‘दुराक’ हे चक्क माणसाचे नाव म्हणूनही आढळते. त्यात आई-वडिलांना मुलाचा राग नव्हता. वाईट नजर लागू नये म्हणून मुद्दाम कुरूप नाव ठेवण्याची ती पद्धत होती. आपल्याकडे आधीची मुले दगावली की ‘धोंडू’, ‘दगडू’, ‘केरू’ अशी नावे ठेवत, तीच भावना. ‘दुरोव’ हे आडनावही याच मुळाचे मानतात. प्राण्यांच्या खेळांसाठी नावाजलेले सर्कसवाले दुरोव घराणे आणि टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांच्यामुळे ते जगभर माहीत आहे.

१७. तुर्कस्तानात बसथांब्यावर ‘दुराक’ लिहिलेले असते. तो हाच शब्द का?

नाही. तुर्की भाषेत ‘दुराक’ म्हणजे थांबा, ‘थांबणे’ या क्रियापदावरून आलेला. दोन शब्दांचा संबंध नाही. रशियन पर्यटक मात्र त्या पाटीखाली उभे राहून एकमेकांचे फोटो काढतात, आणि काढतच राहतील.

१८. याहून जड शब्द कोणते? कोणते चुकूनही वापरू नयेत?

‘बल्वान’ (ओंडका) आणि ‘लपूख’ (एक रुंद पानांचे रानटी झुडूप) हे ‘दुराक’च्याच वजनाचे किंवा हलके आहेत. ‘अस्योल’ म्हणजे गाढव. त्यात मूर्खपणाइतकाच हट्टीपणा असतो. ‘इदियोत’, ‘क्रेतीन’, ‘देबील’ हे शब्द वैद्यकातून आलेले असल्यामुळे जास्त निर्दय आहेत, आणि ‘देबील’ तर शाळकरी मुलांच्या तोंडी असूनही ओंगळ आहे.

‘प्रिदूरक’ याच मुळाचा असला तरी त्यात माया अजिबात नाही. स्तालिनच्या काळातल्या श्रमछावण्यांत या शब्दाला खास अर्थ होता: जीवघेणी मेहनत चुकवून स्वयंपाकघरात, दवाखान्यात किंवा कचेरीत वर्णी लावून घेतलेला कैदी.

‘कज्योल’, म्हणजे बोकड, हा शब्द परदेशी माणसाने पूर्णपणे टाळावा. बाहेर तो ‘नालायक’ एवढ्याच अर्थाने ऐकू येतो, पण तुरुंगाच्या बोलीत तो प्रशासनाशी हातमिळवणी केलेल्या कैद्याला लावतात, आणि त्या जगाशी संबंध आलेल्या माणसाला तो म्हटल्यास मारामारी होऊ शकते. शब्दकोशात ‘दुराक’ आणि ‘कज्योल’ दोन्हींपुढे एकच ‘बोलीभाषा’ अशी खूण पाहून फसू नये.

१९. ‘दुराक’ म्हटल्याबद्दल रशियात कायद्याने शिक्षा होऊ शकते का?

व्यक्तीचा अपमान हा २०११ च्या अखेरपर्यंत फौजदारी गुन्हा होता. त्यानंतर तो प्रशासकीय गुन्ह्यांच्या संहितेत, कलम ५.६१ मध्ये, हलवला गेला आणि त्याला दंड होतो. एखादा शब्द त्या व्याख्येत बसतो की नाही, हे प्रसंग पाहून ठरते. कामावर असलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा जाहीर अपमान मात्र अजूनही फौजदारी संहितेच्या कलम ३१९ खाली येतो. विमानतळावरच्या किंवा पोलीस ठाण्यातल्या माणसावर शब्दांचा सराव करू नये.

२०. मला कोणी ‘दुराक’ म्हटले तर काय उत्तर द्यावे?

रशियन मुले एका दमात ‘सम दुराक!’, म्हणजे ‘तूच दुराक!’, असे म्हणतात, आणि मोठी माणसेही फारसे वेगळे करत नाहीत. वादात मुद्दे संपून फक्त एकमेकांवर आरोप उरले, की तिसरा माणूस त्या वादालाच ‘सम दुराक’ पातळीचा म्हणतो. थट्टेला थट्टेने उत्तर द्यायचे असेल तर ‘सम दुराक’ हसत म्हणावे. अनोळखी माणसाने रागाने म्हटले असेल तर काहीच म्हणू नये आणि निघावे. फरक कसा ओळखायचा, तर प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे सर्वनाम आणि शब्दक्रम ऐकावा.

२१. परदेशी म्हणून मी स्वतः हा शब्द वापरावा का?

स्वतःबद्दल खुशाल वापरावा. चुकीच्या फलाटावर उभे राहून गाडी चुकली, कपाळावर हात मारून ‘दुराक या’, म्हणजे ‘येडा मी’, असे म्हटले, तर शेजारचा प्रवासी हसेल आणि बहुधा पुढची गाडी कोठून सुटते तेही सांगेल. पत्त्यांच्या डावात वापरावा. दुसऱ्या माणसाला म्हणण्याआधी मात्र त्याने आपल्याला एकदा तरी म्हटलेले असावे. कारण असे की शब्दाचा सूर पकडायला वर्षे लागतात, आणि आघात चुकला तरी शब्द समजतो. फक्त त्यातली माया समजत नाही.

२२. अनुवादात ‘इवान-दुराक’ला मराठीत काय म्हणावे?

‘मूर्ख इवान’ म्हटले की मुलाला वाटते, हा खरोखर मूर्ख आहे, आणि शेवटी तो जिंकल्यावर कथा फसल्यासारखी वाटते (कारण प्रश्न ९ मध्ये आले आहे). ‘बावळा इवान’ हे पुष्कळ बरे, ‘भोळा इवान’ फारच साजूक: त्यात भावांचा टोमणा उरत नाही. ‘येडा इवान’ बोलून पाहिल्यावर कानाला सर्वांत खरे वाटते, पण काही संपादक ‘येडा’ छापायला तयार नसतात. तेव्हा मी निवेदकाच्या तोंडी ‘बावळा’ ठेवतो आणि थोरल्या भावांच्या संवादांत ‘येड्या’ राहू देतो, कारण रशियनमध्येही त्याला दुराक म्हणतात ते घरचेच.